आधी वही, मग बॅग: ऑस्ट्रेलियात ‘वर्क अँड हॉलिडे’वर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

कोकणात नोव्हेंबर म्हणजे मोहोराकडे डोळे लावून बसायचे दिवस. २०२५च्या नोव्हेंबरात मी मात्र ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यात, बोवेन नावाच्या समुद्रकाठच्या गावाजवळ पिकलेल्या हंगामात उभी होते आणि तासावर पगार घेऊन आंबे उतरवत होते. राजापूरकडे आमची स्वतःची कलमं आहेत. पण दिवसभर झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) धरायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, ते काम गड्यांचं. आठ-नऊ महिने मी ढोबळ्या मिरच्या तोडल्या, हॉटेलातल्या खोल्या साफ केल्या, आंबे उतरवले, आणि आयुष्यभर पुरतील अशा तीन मैत्रिणी घेऊन परत आले. जाण्याआधी मला जे कुणीतरी समोर बसवून सांगायला हवं होतं, ते इथे लिहिते आहे.

हा व्हिसा म्हणजे काय

आपल्याला मिळतो तो ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा, सबक्लास ४६२. जपान, तैवान, फ्रान्स, ब्रिटनची मुलं येतात ती सबक्लास ४१७वर. दोन्हींचे नियम पुष्कळ सारखे आहेत, पण सगळे नाहीत. इंटरनेटवर वाचलेली प्रत्येक गोष्ट ‘ही ४६२बद्दल आहे का?’ असं विचारूनच धरा. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार डिसेंबर २०२२मध्ये लागू झाला. त्याच करारात भारतीयांसाठी वर्षाला १००० जागा ठरल्या आणि पहिली सोडत ऑक्टोबर २०२४मध्ये निघाली.

वय १८ ते ३० हवं, म्हणजे अर्ज करताना एकतिसावा वाढदिवस झालेला नसावा. बारावीनंतर किमान दोन वर्षांचं शिक्षण पूर्ण झालेलं हवं. सोबत मूल नेता येत नाही. बँकेत सुमारे ५००० ऑस्ट्रेलियन डॉलर आणि शिवाय परतीच्या तिकिटापुरते पैसे दाखवता आले पाहिजेत. हे झाले साधारण तीन लाख रुपये, वर तिकीट. इंग्रजी कामचलाऊ पुरतं: आयईएलटीएसमध्ये सरासरी ४.५, किंवा ठरावीक वर्षांचं शिक्षण पूर्णपणे इंग्रजी माध्यमातून झाल्याचा पुरावा. मराठी शाळेत शिकून पुढे पदवी इंग्रजीतून घेतलेल्यांनी कॉलेजकडून माध्यमाचं पत्र आधीच काढून ठेवावं. कॉलेजच्या ऑफिसातून असं पत्र हातात यायला किती फेऱ्या लागतात, ते तुम्हाला माहीत आहे.

व्हिसा एका वर्षाचा. मंजूर झाल्यापासून बारा महिन्यांत देशात शिरायचं आणि शिरल्या दिवसापासून वर्ष मोजायचं. एका मालकाकडे साधारण सहा महिन्यांपेक्षा जास्त काम करता येत नाही (शेतीसारख्या काही कामांना सूट आहे) आणि अभ्यासक्रम केलाच तर चार महिन्यांपर्यंत. हा नोकरीचा व्हिसा नाही आणि कायमचं राहण्याची वाटही नाही. घरच्यांना हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा, नाहीतर वर्षभर ‘पीआरचं काय झालं?’ हाच प्रश्न फोनवर येत राहतो.

सोडत आणि अर्ज

म्हाडाच्या घरांसारखीच ही सोडत. ऑस्ट्रेलियाच्या गृह खात्याच्या संकेतस्थळावर इमीअकाउंट नावाचं खातं काढायचं, पासपोर्ट आणि पॅन कार्डाचे तपशील भरायचे, २५ डॉलर भरायचे आणि वाट बघायची. पासपोर्टावरचं आणि पॅनवरचं नाव अक्षरशः सारखं आहे का, ते आधी तपासा. आडनाव आधी की नंतर, वडिलांचं नाव मध्ये आहे की नाही, ‘ee’ की ‘i’ यांत आपली निम्मी कागदपत्रं एकमेकांशी जुळत नाहीत. ती दुरुस्ती सोडतीआधी करा.

नावं संगणक निवडतो, नशिबावर. आधी अर्ज केला म्हणून नंबर आधी लागत नाही. पहिल्या वर्षी पहिल्या दोन आठवड्यांतच सुमारे ४० हजार जणांनी नावं नोंदवली होती, जागा १०००. म्हणून ‘सोडतीत नंबर लावून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयासुद्धा देऊ नका. त्याच्या हातात काही नाही. हे मी ठासून सांगते, कारण माझ्या ओळखीत एका मुलाच्या वडिलांनी अशा माणसाला मोठी रक्कम दिली आणि ती परत आली नाही.

निवड झाली की ईमेल येतं आणि पूर्ण अर्ज भरायला २८ दिवस मिळतात. २८ दिवस म्हणजे फार नाहीत. पदवीचं प्रमाणपत्र, इंग्रजीचा पुरावा, बँकेचं स्टेटमेंट, मागितलं तर पोलीस क्लिअरन्स, सगळं तयार असेल तरच निवांत झोप लागते. माझ्या वेळी व्हिसाचं शुल्क ६५० डॉलर होतं. ते दर जुलैत वाढतं आणि अर्ज नाकारला तरी परत मिळत नाही. सोडतीच्या तारखा दर वर्षी बदलतात, त्या फक्त गृह खात्याच्या पानावरच बघा.

वही

आता सगळ्यात महत्त्वाचं. बॅगेत काय भरायचं याच्या याद्या सगळे देतात. मी म्हणते, आधी एक साधी, पुठ्ठ्याची, खिशात मावणारी वही घ्या. फोन पावसात भिजतो, शेतात पडतो, बदलतो. वही टिकते.

त्या वहीत रोज रात्री एक ओळ लिहायची: तारीख, मालकाचं किंवा कंत्राटदाराचं नाव, शेताचा पत्ता आणि पोस्टकोड, किती वाजता सुरू, किती वाजता बंद, मधली सुट्टी, काय काम, डबे मोजून पैसे असतील तर किती डबे. महिन्यातून एकदा पानांचे फोटो काढून स्वतःलाच ईमेल करायचे.

याची दोन कारणं. एक पगार, त्याबद्दल पुढे सांगते. दुसरं, दुसऱ्या वर्षाचा व्हिसा. पहिल्या वर्षात तीन महिन्यांचं ‘स्पेसिफाइड वर्क’, म्हणजे सरकारने ठरवून दिलेल्या प्रकारचं काम, केलं तर आणखी एक वर्ष मिळू शकतं, आणि दुसऱ्या वर्षात सहा महिने केलं तर तिसरंही. तिथे मुलं याला नुसतं ‘एटी-एट डेज’ म्हणतात, कारण कमीत कमी ८८ दिवस भरावे लागतात. ४६२वर कुठलं काम धरलं जातं हे भागावर अवलंबून असतं. उत्तर ऑस्ट्रेलियात, म्हणजे सगळी नॉर्दर्न टेरिटरी आणि क्वीन्सलंड व वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचा मकरवृत्ताच्या वरचा भाग, तिथे शेती, मासेमारी, बांधकाम यांबरोबर हॉटेल-पर्यटनातलं कामही चालतं. दक्षिणेत शेती चालते, पण ठरावीक पोस्टकोडमध्येच. नोकरी घेण्याआधी पोस्टकोड सरकारी यादीत बघा. शेत यादीत आणि पॅकिंग शेड शेजारच्या गावात, असंही होतं. काम संपल्यावर मालकाकडून फॉर्म १४६४वर सही घ्या आणि पगाराच्या सगळ्या चिठ्ठ्या जपा. सहीसाठी नंतर मालकाच्या मागे लागणं फार जिवावर येतं. शेवटच्या दिवशीच घ्या.

बॅग

पाठीवरची बॅग ५०-६० लिटरपेक्षा मोठी नको. बस बदलताना ती तुम्हालाच उचलायची असते. लांब बाह्यांचे जुने सुती शर्ट तीन, जाड पँट दोन, मळकी झाली तरी चालेल अशी मोठी टोपी, पायाला आधीपासून सवय झालेले मजबूत बूट. नवे बूट घेऊन पहिल्याच दिवशी शेतात गेलात तर पायाला फोड येणारच. आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्या. फॉर्म ४-अ, शुल्क १००० रुपये, मुदत एक वर्ष. तिथेही गाडी डावीकडूनच चालते, त्यामुळे हात लवकर बसतो. खेड्यात गाडी येणाऱ्याला काम लवकर मिळतं, हेही लक्षात ठेवा.

खाण्याच्या बाबतीत आईशी थोडं भांडण होईल. ऑस्ट्रेलियाचे जैवसुरक्षेचे नियम कडक आहेत. पेढे, बर्फी, गुलाबजाम असे दुधाचे गोड पदार्थ नेता येत नाहीत. ताजी फळं, कढीपत्ता, बियाणं तर नाहीच. विमानात मिळणाऱ्या कार्डावर सोबतचं सगळं खाणं लिहायचं. गोडा मसाला, लसणीची चटणी, मेतकूट, जे असेल ते ‘आहे’ असं लिहा आणि अधिकाऱ्याला दाखवा. त्यांनी ठेवून घेतलं तर घेतलं. लपवलेलं सापडलं तर मोठा दंड होतो आणि व्हिसाही धोक्यात येऊ शकतो. माझा मसाला त्यांनी उघडून, वास घेऊन परत दिला.

विमा भारतातूनच काढा. आपल्याला तिथली सरकारी मेडिकेअर सेवा मिळत नाही. शेतीचं अंगमेहनतीचं काम त्या विम्यात धरलं आहे का, हे पॉलिसीच्या कागदात वाचा. नुसता पर्यटकाचा विमा अनेकदा ते धरत नाही.

उतरल्यावरचे पहिले दिवस

सिमकार्ड घेताना खेड्यात जायचं आहे हे डोक्यात ठेवा. आडगावात टेल्स्ट्राचं नेटवर्क सगळ्यात लांबवर पोचतं. मग बँक खातं. मग टीएफएन, म्हणजे कर क्रमांक. तो तिथे पोचल्यावरच, कर खात्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांकडे जाऊ नका. क्रमांक यायला चार आठवड्यांपर्यंत लागू शकतात, म्हणून पहिल्याच आठवड्यात अर्ज करा. टीएफएन दिला नाही तर पगारातून कमाल दराने कर कापतात.

दारू मिळते अशा ठिकाणी काम करायचं असेल तर आरएसए नावाचं छोटं प्रमाणपत्र लागतं, बांधकामावर व्हाइट कार्ड. दोन्ही तिथेच करता येतात. कुठलं काम मिळणार हे पक्कं नसताना दोन्हींवर पैसे घालवू नका.

काम कुठे आणि कधी

ऑस्ट्रेलिया उत्तर-दक्षिण पसरलेला आहे, त्यामुळे कुठे ना कुठे हंगाम चालूच असतो. सरकारच्या ‘हार्वेस्ट ट्रेल’ सेवेवर महिन्यानुसार आणि गावानुसार कामं दिसतात, ती फुकट आहे. साधारण चित्र असं: बोवेन आणि एअरकडे हिवाळ्यात, म्हणजे मे ते ऑक्टोबर, टोमॅटो, ढोबळी मिरची, भोपळा. टली आणि इनिसफेलकडे केळी वर्षभर. डार्विन, कॅथरीनकडे सप्टेंबरपासून आंबा, बोवेनला तो नोव्हेंबरात. दक्षिणेत टास्मानियात डिसेंबर-जानेवारीत चेरी, मग सफरचंद. व्हिक्टोरियातल्या मिल्ड्युरा भागात फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षं. नाशिक-सांगलीच्या मुलांनो, तिथे तुमच्या डोळ्याला घड चांगला कळेल. ते बोलून दाखवा, मालकाला आवडतं.

आंब्याबद्दल थोडं जास्त सांगते, माफ करा, मला राहवत नाही. बोवेनच्या रस्त्यावर १० मीटर उंचीचा मोठा आंबा उभा केलेला आहे. तिथली जात केन्सिंग्टन प्राइड. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातून भारतात घोडे पाठवायचे, त्या जहाजांबरोबर हा आंबा तिकडे गेला, अशी गोष्ट तिथे सांगतात. चव आपल्या हापूसची नाही, पण रायवळाची आठवण करून देणारी आहे. काही बागांत ट्रॅक्टरला जोडलेलं मोठं यंत्र झाडाला बिलगवतात. आपण त्याच्या सावलीत उभं राहून देठासकट फळ काढतो आणि साबणाच्या पाण्याच्या फवाऱ्याखाली सोडतो, म्हणजे चीक फळावर ओघळत नाही. चिकाची ओळख असलेल्या आम्हा कोकणातल्यांनाही तिथे सांभाळावं लागतं. दिवसाला शेकडो फळं हाताळली की चीक मनगटावर, मानेवर, पापणीवर जातो आणि त्वचा उतते. गंमत वाटली म्हणून बाह्या वर करू नका. हातमोजे घाला, सुट्टीत आधी हात साबणाने धुवा आणि मगच घाम पुसा. माझ्या शेजारच्या फ्रेंच मुलाचा चेहरा चौथ्या दिवशी इतका सुजला की त्याला आठवडाभर काम सोडावं लागलं.

शेती झेपणार नसेल तर हॉटेलातली साफसफाई, कॅफे, खेड्यातलं पब, पर्यटन बेटांवरची रिसॉर्ट हे मार्ग आहेत. पहिल्या कामाबद्दल फार चोखंदळ राहू नका, दुसऱ्याबद्दल राहा. नवी ठिकाणं आणि चांगले मालक कळतात ते जाहिरातीतून नाही, रात्री स्वयंपाकघरात शेजारी भांडी घासणाऱ्याकडून.

पगार, आणि तो बुडवू न देणं

जुलै २०२५मध्ये तिथलं राष्ट्रीय किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर झालं, आणि दर जुलैत ते बदलतं. आपल्यासारखे बहुतेक जण ‘कॅज्युअल’ असतात. पगारी रजा नाही, म्हणून त्यावर २५ टक्के जास्त, म्हणजे तासाला ३१च्या आसपास. प्रत्येक क्षेत्राचा स्वतंत्र दर असतो, त्याला ‘अवॉर्ड’ म्हणतात. फेअर वर्क ऑम्बुड्समन या सरकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावर तो काढता येतो. कर खात्याकडे नोंदणी केलेला मालक असेल तर ४५,००० डॉलरपर्यंतच्या कमाईवर १५ टक्के कर कापला जातो. आठवडा पूर्ण भरला तर हातात हजाराच्या आसपास पडतात. पण पावसाने, बाजारभावाने, फळ न पिकल्याने आठवडे रिकामेही जातात. महिन्याचा हिशोब चार भरलेल्या आठवड्यांवर कधीच मांडू नका.

डब्यावर पैसे असतील तरी एप्रिल २०२२पासून शेतीत नियम आहे: जितके तास काम केलं, तितक्या तासांचं किमान वेतन मिळालंच पाहिजे. हळू हात असलेल्या नवख्यांसाठी हा नियम मोठा आधार आहे. पगाराची चिठ्ठी पगारानंतर एका कामाच्या दिवसात मिळायला हवी. तीवर मालकाचं नाव, तास, दर, कापलेला कर आणि सुपरअॅन्युएशन (मालकाने तुमच्या निवृत्ती निधीत भरायची रक्कम) बघा.

काही गोष्टी ऐकू आल्या की उठून निघा. कामावर घेण्यासाठी पैसे मागणं. पगार देऊन त्यातला काही भाग रोख परत मागणं. पासपोर्ट ‘सांभाळायला’ मागणं. ‘एबीएन (धंद्याचा नोंदणी क्रमांक) काढ, मग देतो’ म्हणणं, म्हणजे मजुराला कागदावर धंदेवाला करून मालकाच्या जबाबदाऱ्या टाळणं. आणि ‘तक्रार केलीस तर व्हिसा रद्द करवीन’ ही धमकी. जुलै २०२४पासून व्हिसाच्या आडून कामगारावर असा दबाव आणणं हा गुन्हा आहे. १ जानेवारी २०२५पासून जाणूनबुजून पगार बुडवणंही गुन्हा आहे. फेअर वर्कचा फोन १३ १३ ९४. इंग्रजीची भीती वाटली तर १३ १४ ५० या दुभाषी सेवेवर तुमच्या भाषेतला माणूस मागा.

मला स्वतःला हे वापरावं लागलं. मिरचीच्या एका कंत्राटदाराकडे दोन आठवड्यांच्या चिठ्ठीत अकरा तास कमी लागले होते. तोंडी विचारलं तर उत्तर मिळालं, ‘तू उशिरा येतेस.’ मी वहीची पानं फोटो काढून, तारखा इंग्रजीत लिहून, शांत शब्दांत ईमेल केलं आणि शेवटी लिहिलं की पाच दिवसांत उत्तर आलं नाही तर फेअर वर्कला विचारेन. चौथ्या दिवशी पैसे आले. माझ्यासोबतच्या दोघांचेही तास कमी लागले होते. त्यांच्याकडे वही नव्हती. माझ्या नोंदींवरून आम्ही त्यांचेही दिवस जुळवले.

त्या रात्री मला आमच्या बागेतलं नेपाळी जोडपं आठवलं. दर वर्षी येतात, राखण करतात, उतरवणी करतात. त्यांचे तास आमच्याकडे कुणी लिहून ठेवत नाही. परत आल्यावर मी बाबांशी हे बोलले. यंदाच्या मार्चपासून एक वही त्यांच्याही खोलीत आहे.

हॉस्टेल

कामगारांच्या हॉस्टेलात आठ-आठ जणांच्या खोल्या असतात. मी आठवड्याला २३० डॉलर देत होते. काही हॉस्टेलं ‘राहायला या, काम देतो’ म्हणून बोलावतात आणि मग दोन आठवडे नुसतं भाडं घेत बसवून ठेवतात. जाण्याआधी फोन करून विचारा: आत्ता किती जण कामावर जातात, किती वाट बघतात, शेतावर नेण्याचे वेगळे पैसे आहेत का, अनामत किती आणि कधी परत. पहिले दोनच आठवडे आगाऊ भरा.

पोचल्यावर सामान टाकण्याआधी एक काम करा. खोलीतून बाहेर पडायचे दोन रस्ते शोधा आणि खिडकी उघडते का बघा. क्वीन्सलंडमधल्या चिल्डर्स गावी जून २००० मध्ये बॅकपॅकर हॉस्टेलला आग लागून १५ तरुण प्रवासी गेले. तेही शेतात काम करायला आलेली मुलंच. तेव्हापासून धुराच्या अलार्मबद्दल तिथले लोक अतिशय गंभीर असतात, आणि ते बरोबर आहे. याचा आपल्याशी थेट संबंध फोडणीतून येतो. मोहरी-मिरचीची खमंग फोडणी बंद स्वयंपाकघरात दिली की अलार्म वाजू शकतो, अग्निशमन दल येऊ शकतं आणि खोट्या अलार्मचं बिल लागू शकतं. पंखा चालू, दार-खिडकी उघडी, तेल जरा कमी तापवलेलं. अलार्मवर पिशवी बांधणारे महाभाग दिसतील, त्यांना थांबवा.

मैत्री त्याच स्वयंपाकघरात होते. खोलीत सगळे थकून फोन बघत पडलेले असतात, चुलीपाशी मात्र बोलणं निघतं. एकटीपुरता भात शिजवू नका, दोन मुठी जास्त टाका. मी वरण-भात आणि लिंबू वाढलं तेव्हा तैवानची मुलगी म्हणाली की हे तिच्या आजीच्या जेवणासारखं आहे. दुसऱ्या दिवशी तिने मला अंड्याचं टोमॅटो घालून केलेलं कालवण शिकवलं. मग अर्जेंटिनाची एक, कोरियाची एक. आठवड्याला प्रत्येकी वीस डॉलर काढून चौघींनी एकत्र बाजार केला. खर्च निम्म्यावर आला आणि आजारी पडल्यावर पेज करून देणारं माणूसही मिळालं. दिवाळीला मिरचीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचा आकाशकंदील केला. आत बॅटरीचा दिवा, कारण मेणबत्ती-पणती हॉस्टेलात चालत नाही. कोरियाच्या मुलीने त्याच्या झिरमिळ्या इतक्या सुबक कापल्या की तो अंगणात महिनाभर टांगलेला होता.

आपल्या माणसांची ओढ लागेलच. मेलबर्नला महाराष्ट्र मंडळ आहे, सिडनीला मराठी असोसिएशन. गणपतीला गेलात तर मोदकही मिळतो आणि खोली शोधायला मदतही. न्यू साऊथ वेल्समधल्या वूलगूल्गा गावी केळीच्या बागांत राबलेल्या पंजाबी कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि तिथला गुरुद्वारा १९६८चा. आता त्या पट्ट्यात ब्लूबेरीही खूप होते. लंगरात कुणी तुमचा व्हिसा विचारत नाही. पण पहिले तीन महिने फक्त भारतीयांत राहू नका. इतक्या लांब येऊन ते नुकसान होईल.

शब्द थोडे लवकर शिकून घ्या. ‘स्मोको’ म्हणजे चहाची सुट्टी, ‘आर्वो’ म्हणजे दुपार, ‘यूट’ म्हणजे मागे हौदा असलेली गाडी. ‘थाँग्ज’ म्हणजे साध्या स्लिपरा, त्या घालून शेतात येऊ नका असं बजावतील. मुकादमालाही नावाने हाक मारतात. ‘सर’ म्हटलं की ते अवघडतात.

जीव सांभाळा

पहाटे सहाला काम सुरू होतं आणि नऊलाच ऊन भाजायला लागतं. तहान लागण्याआधी पाणी प्या, दोन लिटरची बाटली रोज. चक्कर, उलटी, घाम अचानक थांबणं यांतलं काही झालं तर सावलीत बसा आणि लगेच सांगा. ‘कमजोर म्हणतील’ हा विचार करू नका.

उत्तरेत नदी, खाडी, दलदलीचा किनारा इथे मगरी असतात. पाटी दिसली की पाण्याच्या काठाशीही उभं राहू नका. नोव्हेंबर ते मे तिथल्या समुद्रात विषारी जेलीफिश असतात. पोहायचं तर जाळी लावलेल्या जागीच. एरवी कुठल्याही किनाऱ्यावर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच उतरा, तिथेच जीवरक्षक असतात. गुहागर-मुरुडच्या पाण्यात खेळलो म्हणून तिथला समुद्र कळतो असं होत नाही. परतीच्या प्रवाहात सापडलात तर त्याच्याविरुद्ध पोहू नका, तरंगत राहा, हात वर करा. तातडीचा नंबर ०००. अनोळखी शेतावर पहिल्या दिवशी जाताना पत्ता आणि गाडीचा नंबर एका मैत्रिणीला पाठवा. मुलींनी तर नक्कीच, मुलांनीही. आणि घरी आठवड्यातून ठरलेल्या वारी फोन करा. बोवेन भारताच्या साडेचार तास पुढे आहे. आईबाबा रात्री नऊला निवांत होतात तेव्हा तुमच्याकडे दीड वाजलेला असतो आणि पहाटे उठायचं असतं. आम्ही रविवार सकाळ ठरवली होती.

निघताना

आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून. स्वतः भरत असाल तर विवरणपत्र ३१ ऑक्टोबरपर्यंत. मालक पगारावर १२ टक्के सुपरअॅन्युएशन भरतो, तो तुमच्या नावचा निवृत्ती निधी. देश सोडल्यावर आणि व्हिसा संपल्यावर किंवा रद्द करून घेतल्यावर तो परत मागता येतो, पण आपल्या व्हिसावर त्यातले ६५ टक्के कर म्हणून जातात. उरलेले ३५ टक्केही सोडू नका. प्रत्येक मालकाकडे नवा निधी उघडू देऊ नका. पहिल्याच कामावर एक निधी निवडून तोच पुढे सांगत राहा, नाहीतर परत आल्यावर चार कंपन्यांशी पत्रव्यवहार करत बसाल. निधी परत मागायचा अर्ज कर खात्याच्या संकेतस्थळावर भारतातून करता येतो. म्हणून तिथलं बँक खातं आणि ईमेल पैसे हातात येईपर्यंत बंद करू नका, आणि वही फेकू नका.